फियाटच्या इंजिनावरचे डाग: काय लावू, किती घासू?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. फियाटच. काकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून मिळवलेली. २००९ साली काका गेले, तेव्हापासून गाडी चिपळूणच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी. त्यात २२ जुलै २०२१ चा पूर. बाजारपेठेचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आमची आळी जरा चढावर, तरी शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर घरातला गाळ उपसण्यातच सगळ्यांचे हात मोडले, फियाटकडे कोण बघतो?

आता मी पुण्याहून महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जातो आणि थोडं थोडं करतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं होतं. आठ दिवसांनी पुलीच्या नटाला पाना लावला तर इंजिन फिरलं! शेजारचे भाऊ म्हणाले, आता नारळ फोड. फोडला.

चालू करायचं नंतर बघू. सध्या प्रश्न दिसण्याचा आहे. हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग), त्याच्या पुढचा पाण्याचा एल्बो (वाकडा पाइप), एसी पंप (पेट्रोलचा), कार्बुरेटर, डायनॅमोची दोन्ही टोकं, खाली गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग, म्हणजे जे जे म्हणून जर्मलचं (ॲल्युमिनिअमसारख्या करड्या धातूचं) आहे ते भयाण दिसतंय. तपकिरी चिकट थर आहे, काळे चट्टे आहेत, गाळाचा राखाडी लेप आहे आणि काही ठिकाणी पांढरी भुकटी आहे. ती नखाने खरवडली की निघते आणि खाली खड्डे दिसतात.

आतापर्यंत काय केलं: भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी, एक तास. हात दुखले, फरक शून्य. वायर ब्रश मारला तर चकाकते ओरखडे उठले, मग घाबरून थांबलो. एका ओळखीच्यांनी कॉस्टिक सोडा सांगितलाय, दुसऱ्याने संडास साफ करायचं ॲसिड. दोघेही छातीठोक. सहा फोटो टाकलेत. जाणकारांनी कान उपटावेत.

बोनेटबाबा | शनिवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. फोटो ५ मध्ये एअर क्लीनरवर सरडा आहे की माझा भास?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ११:२१

सरडाच आहे. भाडेकरू. २००९ पासून घराण्याचा मुक्काम असावा.

शिळी_कढी | रविवार, सकाळी ७:०४

कॉस्टिकवाल्या गृहस्थांना दुरूनच नमस्कार करा. माझं ऐका, मी हात पोळून घेतलेला माणूस आहे.

आठेक वर्षांपूर्वी माझ्याकडेही पद्मिनी होती. एका हुशार माणसाने सांगितलं की कॉस्टिकच्या गरम पाण्यात टाका, वीस मिनिटांत नवं होतं. मी सोलेक्स कार्बुरेटर पूर्ण खोलून त्याची बॉडी आणि सोबत पाण्याचा एल्बो, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत टाकले. लगेच फेस. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. मी बायकोला बोलावून दाखवलं, बघ कसली घाण निघतेय! वीस मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढलं तर एल्बो तव्यासारखा काळाकुट्ट. कार्बुरेटरची बसायची बाजू अशी खाल्ली गेली होती की नखाला लाटा लागत होत्या. निघत होती ती घाण नव्हतीच, कार्बुरेटरच निघत होता.

बायकोने त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. अजून म्हणते.

प्रयोगवही | रविवार, सकाळी ९:४०

शिळी_कढी, तुमच्या बादलीत काय झालं ते सांगते. बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडा तास घेतल्याशिवाय राहवणार नाही.

शाळेत 'उभयधर्मी ऑक्साइड' पाठ केलं होतं ते आठवतंय का? ते हेच. ॲल्युमिनिअम हवेत आलं की क्षणात त्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा पापुद्रा येतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण खालच्या धातूला तोच सांभाळतो. हा पापुद्रा साधारण उदासीन पाण्यात टिकतो. तीव्र आम्लात विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही विरघळतो. कॉस्टिकने पापुद्रा गेला की उघडा धातू पाण्याशी भिडतो, स्वतः विरघळतो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. तो फेस म्हणजे हायड्रोजन. बंद बाथरूममध्ये गीझरशेजारी हा उद्योग केला नाहीत ना?

काळं का पडलं? इंजिनाचे ओतीव भाग शुद्ध ॲल्युमिनिअमचे नसतात, त्यात सिलिकॉन असतो, बऱ्याचदा थोडं तांबं आणि लोखंडही. ॲल्युमिनिअम विरघळून जातं, हे मागे राहतात आणि वर काळी राख धरल्यासारखं दिसतं. घासून ती पूर्ण जात नाही. कारखान्यात त्यासाठी नंतर नायट्रिक ॲसिडचा हात देतात. घरी तो विचारही नको.

कार्बुरेटरची गोष्ट तर आणखी वेगळी. तो बहुधा ॲल्युमिनिअमचा नसतोच, जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. जस्तही उभयधर्मी. म्हणजे त्याला आम्लही खातं आणि अल्कलीही. करडा दिसतो म्हणून सगळ्यांना एकाच बादलीत घालू नका.

संडासच्या ॲसिडबद्दल: त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. डाग जाईल, धातूही जाईल, आणि खाचाखोचांत राहिलेलं क्लोराइड पुढचे कित्येक महिने खड्डे पाडत राहील. त्याहून वाईट म्हणजे गाड्यांची चाकं चमकवायला जे सुट्टं ॲसिड विकतात, त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक असतं. ते कातडीतून आत उतरतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि हाडापर्यंत पोहोचतं. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती घरात आणू नका.

मग करायचं काय? तुमच्या आईला किंवा आजीला विचारा, कुकर आतून काळा पडला की त्या काय करतात. पाण्यात लिंबाची साल नाहीतर चिंचेचं बुटुक टाकून शिट्ट्या काढतात. सौम्य आम्ल, गरम पाणी, थोडा वेळ. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ते म्हणजे सायट्रिक ॲसिडच. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा, दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नका, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. चमत्कार होणार नाही. पण नुकसानही होणार नाही.

बोनेटबाबा | रविवार, सकाळी ९:५८

मॅडम, तुम्ही आमच्या वर्गावर असतात तर मी मेकॅनिकल सोडून केमिकल घेतलं असतं.

नानापेठी | रविवार, दुपारी १२:३०

बाई बरोबर बोलल्या आहेत, पण लिंबूसत्त्वाची पायरी नंतरची. तेलकटावर आम्ल लावून काही होत नाही, वरच्या वर वाहून जातं. मी गॅरेजवाला नाही, छंदिष्ट, पण तीन फियाट आणि एक हेराल्ड हाताखालून गेल्या आहेत.

रॉकेल आता विसरा. डिझेल चालतं. पेट्रोल अजिबात नको, शेडमध्ये तर नाहीच नाही. रंगाचा एक इंची जुना ब्रश, त्याचे केस अर्धे कापून आखूड केलेले, म्हणजे कडक होतो. डिझेल लावायचं आणि जेवायला जायचं. घाईच्या माणसाने हे काम करू नये. परत आलं की पुन्हा डिझेल, मग टूथब्रश, मग सुती चिंध्या. तपकिरी थर म्हणजे भाजलेलं तेल, ते डिझेलला दाद देत नसेल तर कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे किंवा थिनर, थोडा थोडा, दार उघडं ठेवून. सगळ्यात शेवटी भांड्यांचा पातळ साबण आणि गरम पाणी. एवढ्यावर तुमचे साठ-सत्तर टक्के डाग गेले पाहिजेत, कारण ते डाग नाहीतच, मळ आहे. धातूला खरा डाग कुठे लागलाय ते त्यानंतर दिसतं.

इंजिन गाडीतच असताना धुणार असाल तर डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि कार्बुरेटरचं तोंड दुधाच्या पिशव्या आणि रबरबँडने बांधा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरचा पाइप लांब ठेवा.

लोखंडी वायर ब्रश फेकून द्या. त्याचे कण मऊ ॲल्युमिनिअममध्ये रुततात आणि पहिल्या पावसाळ्यात चांदीवर तांबडे ठिपके उगवतात. पितळी ब्रश घ्या, हार्डवेअरवाल्याकडे लाकडी मुठीचा छोटा मिळतो.

आणि ती हिरवी घासणी! तिच्यात खर असते, जवळजवळ पॉलिशपेपरच. बाहेरून बेल हाउसिंगला घासलीत तर एकवेळ ठीक. पण हेड उघडल्यावर, किंवा जिथून चुरा तेलात जाऊ शकेल अशा कुठल्याही जागी ती न्यायची नाही. तो चुरा डोळ्याला दिसत नाही, बेअरिंगला दिसतो.

चिंतामणी_चकचकीत | रविवार, दुपारी ३:१७

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सगळं सुटं करा, बफिंगवाल्याकडे द्या, आरशासारखं करून आणा. माझ्या येझदीच्या केसिंग्जमध्ये दाढी करता येते.

नानापेठी | रविवार, दुपारी ३:४५

येझदीच्या कव्हरांना कारखान्यातूनच पॉलिश असायचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं फियाटचं हेड कधीच चकाकत नव्हतं. ओतकामाचा तो खरबरीत राखाडी पोत, तेच त्याचं रूप. त्याला बफ मारणं म्हणजे नऊवारीवर सनग्लासेस.

चिंतामणी_चकचकीत | रविवार, दुपारी ३:५२

नऊवारीवर सनग्लासेस लावून बुलेट चालवणाऱ्या बायका दर गुढीपाडव्याला गिरगावात बघतो. छान दिसतात.

नानापेठी | रविवार, दुपारी ४:०१

ही उपमा चुकली. बाकी मुद्दा कायम.

उद्यमनगर | रविवार, रात्री ९:२६

समद्यांनी काय लावायचं ते सांगितलं, डाग कुठं पडलाय ते कुणी बघितलंच नाही.

भावा, तुझा फोटो ३ मोठा करून बघ. पुराच्या पाण्याची रेघ स्पष्ट दिसतीया. आडवी, सरळ, डायनॅमोच्या मधनं गेलीया. त्या रेघेच्या खाली गाळाचा लेप, बेल हाउसिंगवर पांढरी भुकटी. ते समदं पुराचं, कबूल. पण हेड त्या रेघेच्या ईतभर वर हाय. तिथं पूर पोचलाच न्हाई. मग एल्बोच्या बुडाला आणि हेड-ब्लॉकच्या सांध्यावर पुढच्या कोपऱ्यात पांढरा-हिरवट ओघळ कुठनं आला? ओघळ वरनं खाली आलाय बघ, मेणबत्तीगत.

ते पाणी आतलं हाय. गाडी चालू होती तवापासनं गळत असणार. तू डाग पुसशील, फोटो काढशील, आणि पैल्याच घाटात हेड गॅस्केट, म्हंजे हेड-ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, उडंल. आदी एल्बो काढ. पुसू नको, काढ.

आमची लेथ हाय, दिवसाला दोन-चार हेडं येत्यात. म्हणून सांगतोय.

प्रयोगवही | रविवार, रात्री ९:५०

उद्यमनगर, मानलं. मी फोटो पाहिले होते आणि तरी हे दिसलं नाही.

यामागचं कारणही सरळ आहे. फियाटचा ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनिअमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन धातू आणि त्यांना जोडणारं पाणी, म्हणजे घरचा विद्युत घटच. त्यात झिजायची पाळी ॲल्युमिनिअमची येते. कूलंट टाकलं असेल तर त्यातली गंजरोधकं हे बरंच थोपवतात, पण आपल्याकडे त्या काळी बहुतेकांनी नळाचं नाहीतर विहिरीचंच पाणी ओतलं. क्षार जितके जास्त तितकी झीज वेगात.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ११:०५

काका दर शनिवारी तांब्याने विहिरीचं पाणी घालायचे. मीच तांब्या धरून उभा असायचो. पुढच्या खेपेला एल्बो काढतो आणि कळवतो.

मिशिगनकर | सोमवार, पहाटे ५:१२

इकडे हौशी लोकांत सध्या वेपर ब्लास्टिंगचं वेड आहे. काचेचे बारीक मणी पाण्यात मिसळून हवेच्या दाबाने मारतात. पाण्यामुळे मार सौम्य बसतो, धातू फारसा कोरला जात नाही आणि पोत अगदी ओतकामातून नुकताच निघाल्यासारखा राखाडी-रेशमी येतो. चिंतामणींचा आरसाही नाही आणि मळकटही नाही. ऐकतोय की पुण्या-मुंबईत जुन्या मोटारसायकली करणारे काहीजण आता हे करून देतात.

फक्त दोन गोष्टी. साधं सँडब्लास्टिंग करू देऊ नका, वाळूने गॅस्केटचे पृष्ठभाग जातात. आणि कोणतंही ब्लास्टिंग केलं की मणी तेलाच्या वाटांत, आट्यांच्या भोकांत लपून बसतात. प्रत्येक भोक बंद करून द्यायचं, आणि परत आल्यावर साबणाचं गरम पाणी आणि हवा, तीनदा. माझ्या मित्राने दोनदा केलं होतं. तिसऱ्यांदा इंजिन उघडायला लागलं.

शिळी_कढी | सोमवार, सकाळी ८:२०

कार्बुरेटरसाठी एक सांगून ठेवतो, अनुभवानंतरची अक्कल. अल्ट्रासॉनिक टब. चष्मेवाले, सोनार यांच्याकडे छोटा असतो. आमच्या गल्लीतल्या सोनाराने कोमट पाणी आणि दोन थेंब साबण घालून दुसरा कार्बुरेटर असा काढून दिला की जेटमधून पलीकडचं दिसत होतं. पैसे घेतले नाहीत. आधी डिझेलने धुऊन न्या म्हणजे झालं, नाहीतर त्याच्या टबात मंगळसूत्रांना ऑइलचा वास.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री १०:३० (तीन आठवड्यांनी)

मंडळी, बातमी आहे. चांगली-वाईट तुम्हीच ठरवा.

एल्बोचे दोन नट. एक सरळ निघाला. दुसऱ्याचा स्टडच फिरायला लागला आणि मग अपेक्षेप्रमाणे तुटला. ॲल्युमिनिअममध्ये पन्नासेक वर्षं रुतलेलं पोलाद. त्या पांढऱ्या भुकटीने त्याला सिमेंटसारखं धरून ठेवलं होतं.

एल्बो हातात आला तेव्हा त्याचं होज बसायचं तोंड कुरतडलेल्या बिस्किटासारखं. बाहेरून ते दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं? कारण कुणीतरी त्यावर सिल्व्हर मारला होता! एल्बोवर, हेडच्या पुढच्या बाजूवर, जाड दोन हात. नखाने उचकटला तर पापुद्र्याखाली ओली पांढरी भुकटी. कुठल्यातरी मिस्त्रीने गळती बघितली, रंग लावला, काकांना गाडी चकचकीत करून दिली. काका खूश झाले असणार.

मग हेडही काढलं. चार माणसं लागली, कारण स्टडवर तेही धरलं होतं. खालच्या बाजूला पहिल्या सिलिंडरजवळच्या पाण्याच्या भोकाची कड खाल्ली गेलीय. भोक आणि सिलिंडरची गोलाई यांच्यामध्ये आगपेटीच्या काडीएवढी जागा उरलीय. काडी ठेवूनच फोटो काढलाय, फोटो ९.

डाग पुसायला निघालो होतो.

नानापेठी | रविवार, रात्री १०:४४

सिल्व्हर! आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या इंजिनांचे रोग सिल्व्हरखाली दडलेले आहेत. विकायची गाडी असली की पहिला सिल्व्हर.

उद्यमनगर | रविवार, रात्री ११:०२

काडीएवढी हाय म्हंजे वाचलं. एवढं भरून निघतंय. अर्गान वेल्डिंग आणि वरनं फेसिंग, म्हंजे तासून सपाट करायचं.

वेल्डिंगला न्यायच्या आदी एक काम कर आणि एक करू नको. हेड डिझेलनं, मग साबणानं धू, उन्हात दोन दिस वाळव. जुनं ॲल्युमिनिअम तेल पिलेलं असतंय, आम्ही त्याला आदी तापवून ते तेल बाहेर काढतो, न्हाईतर वेल्डात काळं फसफसून वर येतंय. करू नको ते हे: ब्रेक क्लीनर मारून आणू नको. काही ब्रेक क्लीनरात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतंय, ते राहिलं आणि वर अर्गानचा उजेड पडला की इखारी वायू होतोय. फॉस्जीन म्हणत्यात. आमच्यात एकजण दवाखान्यात जाऊन आलाय.

तुटलेला स्टड बी तसाच ठेव. ड्रिल घेऊन बसू नको. ॲल्युमिनिअम तापवलं की लोखंडाच्या दुप्पट फुगतंय, त्यामुळं हेड गरम झालं की तो सैल होतोय. इथं हेड तापतंयच, तवाच काढू. आणि हेडाचं फेसिंग आदी किती डाव झालंय ते बी बघाय लागंल. सारखं सारखं तासलं की पातळ होतंय, कॉम्प्रेशन वाढतंय.

ये घेऊन. पांढरा रस्सा माझ्याकडनं.

बोनेटबाबा | सोमवार, सकाळी ६:५०

हेड वेल्डिंगपेक्षा शेवटच्या ओळीसाठी कोल्हापूरला जायला हवं.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९:१५ (पुढच्या महिन्यात)

जाऊन आलो. हेड पोत्यात गुंडाळून एसटीने. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, तिथून कोल्हापूर. कंडक्टरने विचारलं पोत्यात काय आहे. म्हटलं, इंजिनाचं डोकं. त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, मांडीवर घ्या, लगेज फाडत नाही, माझ्या आजोबांची टॅक्सी होती, फियाटच. मुंबईतली. मग कऱ्हाडपर्यंत गप्पा. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची फियाट टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर रस्त्यावरून उतरली, तेव्हा आजोबांनी तो फोटो पेपरातून कापून ठेवला म्हणे.

उद्यमनगरांनी हेड तापवलं तेव्हा छिद्रांतून खरंच काळं तेल घामासारखं सुटलं. इतकं की मी फडकं घेऊन पुढे झालो, त्यांनी हात मागे ओढला. स्टड मात्र दोन बोटांत धरून फिरवावा तसा निघाला. कड भरली, फेसिंग झालं. पूर्वी बहुतेक एकदाच झालेलं असावं असं ते म्हणाले. पैशांचा विषय काढला तर ते फक्त वेल्डिंगच्या रॉडचे बोलले, बाकी माझी आणि त्यांची वादावादी झाली, ती इथे लिहीत नाही.

आता डाग. नानापेठींच्या पद्धतीने डिझेल, जेवण, डिझेल, झोप, असं दोन दिवस केलं. अंदाज अचूक होता, निम्म्याहून जास्त मळच होता. डायनॅमोची टोकं आणि एसी पंप एवढ्यावरच माणसात आले. बेल हाउसिंगवर प्रयोगवहींचं लिंबूसत्त्व. पहिल्यांदा काही झालं नाही, कारण एका कोपऱ्यात तेल राहिलं होतं. ते काढून पुन्हा लावलं. पितळी ब्रशने गोल गोल, बारा मिनिटं घड्याळ लावून. राखाडी लेप सुटला, भुकटी गेली, खड्डे राहिले. खड्डे म्हणजे गेलेला धातू, तो कुठल्या बाटलीत परत मिळणार? कार्बुरेटर सोनाराकडे. आमच्या सोनाराने पैसे घेतले, शिळी_कढी.

एल्बो वाचवण्यासारखा नव्हता. जुन्या बाजारात तिसऱ्या रविवारी एक मिळाला. होजचं तोंड आधी नखाने तपासलं आणि मगच भाव केला. विकणाऱ्यानेही सिल्व्हर मारलेलाच होता.

फोंडेकर | शनिवार, रात्री ९:४०

आता पुढचं बघा. आमच्या गोव्यात खाऱ्या हवेत उघडं ॲल्युमिनिअम एक पावसाळाही तोंड वर ठेवत नाही. साफ केलेला भाग म्हणजे नुकतीच दाढी केलेला गाल, सगळं झोंबतं. क्लिअर लॅकर मारू नका, हेडच्या उष्णतेत पिवळं पडतं आणि पापुद्रे सुटले की त्याखाली पाणी धरून बसतं. मी फक्त पातळ तेलाचं फडकं फिरवतो, महिन्यातून एकदा, रविवारी. थोडी धूळ बसते, बसू दे. आत मात्र कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तांब्या देवघरात ठेवा.

चिंतामणी_चकचकीत | शनिवार, रात्री १०:०२

निदान टॅपेट कव्हर तरी चमकवा हो. एक तरी.

नानापेठी | शनिवार, रात्री १०:०५

चिंतामणी, टॅपेट कव्हरला रंग द्यायला माझी हरकत नाही. सिल्व्हर सोडून कुठलाही.

प्रयोगवही | शनिवार, रात्री १०:२०

वाशिष्ठीकाठ, फोटो ३ आणि फोटो ९ मला वर्गात दाखवायला वापरता येतील का? 'उभयधर्मी' आणि 'विद्युत घट' असे दोन धडे एकाच हेडमध्ये मावतात. गाडीचा नंबर झाकीन.

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ८:११

जरूर. नंबर झाकू नका, काकांना आवडलं असतं.

एक राहिलं. डायनॅमोच्या ब्रॅकेटवर पुराची ती आडवी रेघ अजून आहे. लिंबूसत्त्वाने फिकी झाली, गेली नाही. आई म्हणते तेवढी राहू दे. मीही ब्रश खाली ठेवलाय. सध्या हेड गॅस्केटची वाट बघतोय. पार्सल निघालंय म्हणतात. एअर क्लीनर काढून शेडच्या खिडकीत ठेवला, तर सरड्याचं बिऱ्हाडही तिकडे गेलं. बसवताना त्याला कसं हलवायचं ते कुणी सांगेल का?

बोनेटबाबा | रविवार, सकाळी ८:१९

लिंबूसत्त्व नको. इतकंच मला माहीत आहे.